मोबाइलपेक्षा आखूड पापलेट

रविवारी बाजारात मावशींनी टोपलीतून सहा पापलेटं काढून माझ्यासमोर मांडली. "घे गं, सहाचे दोनशे. मोठं एकच घेशील तर पाचशेला पडेल." भाव खरा होता. मी उगाच एकाशेजारी मोबाइल धरून बघितला. मासा चांगला अडीच-तीन बोटं आखूड निघाला.

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेटाची १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पकडू नये, विकू नये. पिल्लंच उचलली तर अंडी घालायला उरणार कोण, इतका साधा हिशोब. हे मला ठाऊक होतं. तरी मी सहाही घेतली.

घरी येऊन हळद-मीठ लावून ठेवली. कालवण हलकंच करायचं होतं, खोबरं नाही. लसूण ठेचून तेलात टाकला, त्यावर आलं-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, चमचाभर मसाला, चिंचेचा कोळ, पाणी. उकळी येईपर्यंत ओट्याशी उभी राहून स्वतःशीच वाद घालत होते.

पहिली पळवाट सोपी: मासा मेलेलाच होता. मी न घेतल्याने तो काही समुद्रात परत जाणार नव्हता. पण आज संपलेली टोपली उद्या पुन्हा भरते, म्हणजे माझे दोनशे रुपये उद्याच्या जाळ्याला मिळाले. बरं, एवढं सगळं माझ्या सहा माशांवर टाकायचं, तर तोही एक अहंकारच. जाळ्याची भोकं किती बारीक असावीत हे मला विचारून कोणी ठरवत नाही.

दुसरी पळवाट जास्त अवघड. मावशी काही जाळं टाकत नाहीत. पहाटे लिलावात जे मिळेल ते उचलतात, बर्फाचे पैसे वेगळे. मी तत्त्व पाळलं असतं तर खोट त्यांना बसली असती, बोटवाल्याला नाही. आणि पाचशेचं मोठं पापलेट घेऊन घरी जाणारा माणूस माझ्यापेक्षा नीतिमान ठरतो का? त्याला ते परवडतं, एवढंच.

मग मासे सोडले. आता चमचा घालायचा नाही, नुसतं पातेलं हलवायचं. पाच मिनिटांत गॅस बंद.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग मांदेली घ्यायचीस! ती वाढून वाढून वाढणार किती?" खरंच, शेजारच्या टोपलीत मांदेली होती, स्वस्तही होती. मला ती दिसलीच नाही, कारण मला पापलेटच खायचं होतं. मावशींची गरिबी आणि समुद्राचं गणित मी दोन्ही नंतर आणलं, पातेल्याजवळ. कालवण मात्र सुरेख झालं होतं. भात दोनदा घेतला, हेही सांगायला हवं.

पुढच्या रविवारी मी मांदेली मागितली. मावशींनी वाटा करून दिला, वर चार जास्तीच्या टाकल्या. मग पापलेटाच्या टोपलीकडे हात केला. "आणि ही गं कोण नेणार?"

मला उत्तर सुचेना. मागच्या काकांनी पिशवी पुढे केली.