ओढ्यावर पहिला हक्क कोणाचा?

पावसाळा सुरू झाला की कर्जत-खालापूरकडे जाणाऱ्या लोकल गाड्या रविवारी भरून वाहतात. आपल्या धर्मग्रामातील युवकांचे गट आणि कुटुंबेही त्यांत असतात. आठवडाभर राबलेल्या माणसाने एक दिवस धबधब्याखाली भिजावे, यात वावगे काही नाही. परंतु त्याच ओढ्यावर कातकरी आणि ठाकूर कुटुंबे मासे-खेकडे धरायला येतात. जमीन सरकारी, म्हणजे सर्वांची. मग तेथे दोघांचा हक्क सारखाच मानायचा का?

कातकरी हे मूळचे खैरापासून कात काढणारे. नावच त्यावरून पडले. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि तो धंदा बसला. शिकार तेवढी राहिली. साहेब आणि संस्थानिक हौसेने बंदूक घेऊन रानात जात; कातकरी तीरकमठा घेऊन जाई आणि मिळालेला ससा चुलीवर चढे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांना एकाच ओळीत बसवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे पुष्कळ हक्क मान्य केले, त्यांत मासे धरण्याचाही आला. शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. ही बंदी मला योग्यच वाटते. रानातल्या मुक्या जिवांची बाजू कोणीतरी घ्यायलाच हवी होती. पण किंमत कोणी किती मोजली? हौशी शिकाऱ्याचा छंद गेला, कातकऱ्याच्या ताटातला घास गेला.

छंदाला दुसरी जागा मिळते. पनवेलच्या सुमा शिरूर २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. त्यांच्या नेमबाजीसाठी कोणाचे रान अडले नाही. ती बंदिस्त जागेत, निर्जीव लक्ष्यावर होते. भूक अशी हलवता येत नाही. मासा ओढ्यातच चढतो, आणि तोही पहिल्या पावसातल्या मोजक्या दिवसांत.

आपले काही सहलवीर मात्र रिकाम्या बाटल्या खडकावर मांडून दगडांनी नेम धरतात. (ही करमणूक कोणाला सुचली कोण जाणे!) काच पाण्यात जाते आणि सोमवारी तेथे अनवाणी पाय पडतात. पुढे कोणी बुडाले की धबधब्यांवर मनाईचा आदेश निघतो. कागदावर तो सर्वांना सारखाच असतो. आपण पुढच्या रविवारी दुसरीकडे जातो. वाडीतल्या बाईची मक्याची कणसे मात्र तशीच पडून राहतात.

म्हणून सहल ठरवणाऱ्यांनी आधी वाडीत थांबावे. मासे कोठे धरतात ते विचारावे आणि त्या बाजूला पाण्यात उतरू नये. जेवण वाडीतच सांगावे. ओढ्याकाठी कोणी टोपली घेऊन बसलेले दिसले, तर जागा आपण बदलावी.