चेहरा कुणाचा?

छायाचित्र विकतो, म्हणजे मी नेमके काय विकतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा. कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. वारीतल्या ज्या म्हातारीचा चेहरा मी टिपला, ती या हिशेबात कुठेच नाही.

मग हक्कच सोडून द्यावा? डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांना टिपले ते सरकारी कामावर असताना; त्या छायाचित्रावर कॉपीराइट कुणाचाच नाही. ते जगभर छापले गेले. थॉम्पसन यांना त्या छपाईतून दमडीही मिळाली नाही. सगळ्यांचे झाले म्हणून ते त्यांचे झाले नाही.

म्हणून मी मालकी विकत नाही, परवाना देतो: कुठे, किती काळ, कशासाठी, हे लिहून. ‘जाहिरातीसाठी नाही’ हेही लिहितो. हक्क हाती असला तरच तिच्या वतीने नकार देता येतो.

मात्र हे वकीलपत्र तिने मला दिलेले नाही. ते मीच घेतले आहे. आणि परवान्याचे पैसेही मीच घेतो.