हिशेब मागणारी माणसं दे

आई मुंबादेवी, आज तुझ्याकडे नवस बोलायला आलेली नाही. घरच्या कुणासाठी काही मागायचं नाही. मागायचं आहे ते तुझं नाव लागलेल्या या शहरासाठी. सांगतात की तुझं जुनं देऊळ बोरीबंदराच्या बाजूला होतं आणि इंग्रजांच्या काळात ते हलवून भुलेश्वराजवळ आणलं. त्याच बोरीबंदरासमोर आज महापालिकेचं मुख्यालय उभं आहे, 1893 साली बांधून झालेलं. जिथे धर्म तिथे जय, अशा अर्थाचं ब्रीद पालिकेच्या बोधचिन्हावर कोरलं आहे. आई, त्या इमारतीत काम करणाऱ्यांसाठी आणि त्या इमारतीवर ज्यांचं पाणी, रस्ते, इस्पितळं, शाळा अवलंबून आहेत त्या आम्हा सगळ्यांसाठी मी हात जोडते आहे.

आधी जे गेले त्यांची आठवण. 29 ऑगस्ट 2017 ला शहर पाण्याखाली होतं. एक निष्णात डॉक्टर, हजारोंच्या पोटाचे आजार बरे केलेले, गाडी पुढे जाईना म्हणून उतरले आणि छत्री घेऊन घराकडे चालू लागले. प्रभादेवीजवळ पाण्याखाली एका मॅनहोलचं झाकण उघडं होतं. छत्री तिथेच राहिली. त्यांचा देह दोन दिवसांनी वरळीला सापडला. पाणी ओसरावं म्हणून ते झाकण आसपासच्या रहिवाशांनीच उघडलं, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. या बातमीशी माझं मन अजून अडखळतं. घरात पाणी चढायला लागलं, म्हातारी माणसं पलंगावर चढून बसली, की माणूस हाताला लागेल ते झाकण उघडणारच. त्या झाकणाशी काठीला फडकं बांधून उभं राहणारं, येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगणारं कुणी का नव्हतं, ते कुणाचं काम होतं, आणि ते झालं नाही याचा जाब कुणी कुणाला विचारला? त्यानंतर न्यायालयानं सांगितलं, झाकणांखाली जाळ्या बसवायला लागल्या. तरीही 25 सप्टेंबर 2024 च्या पावसात अंधेरीला सीप्झजवळ एक बाई कामावरून घरी परतताना उघड्या गटारात पडून गेली. तिच्या घरच्यांचे डोळे सुकण्याआधी चर्चा सुरू झाली ती हद्दीची.

आई, हद्द या गोष्टीपासून आम्हाला सोडव. 13 मे 2024 ला वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर एक जाहिरातफलक कोसळला. 17 माणसं मेली. कुणी गाडीत पेट्रोल भरत होतं, कुणी पावसापुरता आडोसा धरला होता. पालिकेची मर्यादा 40 बाय 40 फुटांची, आणि फलक होता 120 बाय 120 फुटांचा. तो काही कोपऱ्यात लपलेला नव्हता, पूर्व द्रुतगती महामार्गावरून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता. जमीन रेल्वे पोलिसांची, परवानगी त्यांची, म्हणून पालिका म्हणाली आमची परवानगी घेतलीच नव्हती. दोन्ही म्हणणी कागदावर खरी असतील. पण लोखंडाखाली सापडलेल्या माणसाला सातबारा कुणाच्या नावावर आहे हे विचारायची सवड नसते. हा रस्ता आमचा नाही, तो एमएमआरडीएचा. ही भिंत म्हाडाची. हा पूल रेल्वेचा. ती जागा जिल्हाधिकाऱ्यांची. प्रत्येक खिडकीवर माणसाला पुढची खिडकी दाखवली जाते. एखाद्या अधिकाऱ्याला अशी बुद्धी दे की तो म्हणेल, "हद्द कुणाची ते मी बघतो, तुम्ही बसा." अशी माणसं पालिकेत आहेत, आई. पावसाच्या रात्री पाणी उपसणाऱ्या पंपावर उभी असणारी, केईएमच्या आणि सायनच्या वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकून का होईना पण रुग्ण परत न पाठवणारी. त्यांना आयुष्य दे.

आता जे मनात खोल आहे ते सांगते. दीडशे वर्षांपूर्वी याच शहरानं एक लढा दिला होता. 1865 साली आर्थर क्रॉफर्ड पालिका आयुक्त झाला आणि सगळा कारभार त्याच्या एकट्याच्या हातात आला. माणूस धडाडीचा. त्यानं गटारं साफ केली, रस्ते रुंद केले, त्याच्या नावाची मंडई उभी राहिली. पण पैसा पाण्यासारखा गेला आणि कर भरणाऱ्यांना तो कुठे गेला हे कळेना. 1871 मध्ये करदाते उठले. नवरोजी फर्दुनजींसारखी माणसं पुढे झाली. सभा भरल्या, निवेदनं गेली. त्या गदारोळात पंचविशीतला एक बॅरिस्टर, फिरोजशहा मेहता, म्हणाला की क्रॉफर्डचं कर्तृत्व विसरू नका. दोष रचनेत आहे. आयुक्ताच्या हातात अधिकार असू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्यांची नजर हवी. 1872 च्या कायद्यानं 64 सदस्यांची महापालिका आली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. मग 1888 चा कायदा आला, त्यावर फिरोजशहांचा हात फिरलेला. तोच कायदा, दुरुस्त्या होत होत, आजही चालतो. फिरोजशहांचा पुतळा मुख्यालयासमोर उभा आहे.

आणि त्याच इमारतीत, आई, 8 मार्च 2022 पासून पुन्हा एकट्याचा कारभार सुरू झाला. मुदत संपली होती, निवडणूक झाली नव्हती. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं आमचं संविधान 243 यू या कलमात स्पष्ट सांगतं. पण ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला. एका सरकारनं प्रभाग 227 चे 236 केले, पुढच्या सरकारनं ते पुन्हा 227 वर आणले. वेळ गेला आणि त्या वेळेची कुणालाच घाई नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागतं. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं बजावलं तेव्हा कुठे चाकं हलली, आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. जवळजवळ चार वर्षं. या काळात आयुक्त हेच प्रशासक. प्रस्ताव आयुक्तांचा, मंजुरी प्रशासकाची. 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. देशातल्या कित्येक लहान राज्यांपेक्षा मोठा. त्यावर सभागृहात एक उपसूचना नाही, एक हरकतीचा मुद्दा नाही, विरोधी पक्षनेत्याचं एक भाषण नाही. अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांच्यातल्या कित्येकांनी जिवाचं रान केलं असेल. पण फिरोजशहांनी सांगितलेली गोष्ट आम्ही पुन्हा पहिल्यापासून शिकलो.

त्या चार वर्षांत गल्लीत काय झालं तेही तुला ठाऊक आहे. नगरसेवकाचं ऑफिस म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची दहा बाय दहाची खोली, तीन-चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला कॅलेंडर, टेबलावर लेटरहेड आणि शिक्का. नळाला पाणी आलं नाही की बायका तिथे जायच्या, आणि घसा फोडून भांडायच्या. भांडता यायचं, कारण समोरचा माणूस पाच वर्षांनी दारात येणार हे दोघांनाही माहीत असायचं. ती खोली बंद झाल्यावर उरला 1916 हा तक्रारीचा क्रमांक आणि मोबाईलवर येणारा संदेश: आपल्या तक्रारीचं निराकरण करण्यात आलं आहे. संदेश आलेला असतो आणि खड्डा तिथेच असतो. त्या संदेशाशी भांडता येत नाही.

आता सभागृह पुन्हा भरलं आहे. त्यासाठी तुझे आभार मानते, पण भीत भीतच. कारण सभागृह भरलेलं असताना काय झालं हेही आम्ही पाहिलं. रस्त्यांच्या कामातला घोटाळा 2016 साली उघडकीला आला तेव्हा नगरसेवक होते, स्थायी समिती होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती कामं मंजूर झाली होती. एक गोष्ट मात्र न विसरता सांगायला हवी. त्या चौकशीची सुरुवात त्या वेळच्या महापौरांनी आयुक्तांना लिहिलेल्या पत्रातून झाली होती. शहराच्या पहिल्या नागरिकाच्या हातात पत्र लिहिण्यापलीकडे फारसं काही नसतं. कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. मत आम्ही देतो एकाला आणि कारभार करतो दुसरा, ज्याला आमच्याकडे मत मागायला कधीच यायचं नसतं. हा गुंता सोडवायची हिंमत मंत्रालयातल्या माणसांना दे. मुंबईची चावी आपल्या खिशात राहावी असं आजवरच्या प्रत्येक सरकारला वाटत आलं आहे, मग ते कुठल्याही पक्षाचं असो.

निवडून आलेल्या 227 जणांना जिभेचं बळ दे. आपल्याच पक्षाच्या प्रस्तावावर प्रश्न विचारणाऱ्याला एकटं पडू देऊ नकोस. प्रस्तावाचे कागद आदल्या रात्री वाचून येण्याची सवय त्यांना लाव. त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका आहेत. सभागृहात त्यांच्या नावानं त्यांचे नवरे बोलू नयेत. आणि आम्हा मतदारांना घराबाहेर काढ. पालिकेच्या मतदानाच्या दिवशी जवळजवळ निम्मी मुंबई घरी राहते, आणि मग चार महिन्यांनी पाण्यात उभी राहून विचारते की इथे कुणी आहे का.

13 ऑक्टोबर 2025 ला उच्च न्यायालयानं सांगितलं की खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं कुणाचा जीव गेला तर कुटुंबाला 6 लाख रुपये द्यावे लागतील, आणि ते पैसे दोषी अधिकाऱ्याकडून, कंत्राटदाराकडून वसूल करता येतील. पैशानं माणूस येत नाही. तरी पहिल्यांदाच नुकसान कुणाच्या तरी नावावर लिहिलं जाणार आहे. हा निकाल फायलीत निजू देऊ नकोस.

शेवटचं मागणं एका माणसासाठी, ज्याचं नाव मला माहीत नाही. पर्जन्य जलवाहिन्या खात्यात नुकताच लागलेला तरुण दुय्यम अभियंता. मिठी नदीच्या गाळात 65 कोटींचा घोटाळा झाल्याचा गुन्हा 2025 च्या मे महिन्यात दाखल झाला. खरं-खोटं न्यायालय ठरवील. पण गाळ यंदाही काढायचा आहे. मे महिन्याच्या उन्हात नाल्याच्या काठावर डंपर उभे राहतील. वजनकाट्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्यासमोर येईल, आणि कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणेल, "साहेब, सही करा, सगळेच करतात." घरी आईचं औषधपाणी असेल, घराचा हप्ता असेल, बदलीची भीती असेल. त्या वेळी आई, तू त्याच्याजवळ राहा. त्याला डंपरवर चढून गाळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लाव, फेऱ्या मोजायला लाव, आणि न आलेल्या गाळाच्या चिठ्ठीवर सही न करता ती परत करायचं धैर्य दे. आणि त्याच्या वरिष्ठाला त्याच्या पाठीशी उभं कर.