कोणाच्या काट्यानं मोजायचं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. कागलला गैबी चौकाजवळ एका आठ वर्षांच्या मुलाच्या घरी गेले होते. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. उजवा हात ताठर. माझ्या हातात छापील चाचणी. प्रश्न आला: काटा-चमच्यानं जेवतो का? मी ‘नाही’वर खूण केली.

तेवढ्यात आजीनं ताट वाढलं. त्यानं उजव्या मुठीखाली भाकरी दाबून धरली, डाव्या हातानं तुकडा मोडला आणि पिठल्याला लावला. दोन्ही हातांचा मेळ समोर दिसत होता. माझ्या कागदावर शून्य.

ती चाचणी, ‘पेडी’, १९९२ची. तिची मापं ईशान्य अमेरिकेतल्या मुलांवरून ठरली. आपल्याकडे कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली या विषयाचं शिक्षण सुरू केलं. तरी माझ्या पिशवीत मापं परकीच. एका घरची सवय दुसऱ्या घरातल्या मुलाची उणीव ठरवायचा अधिकार मला कुणी दिला?

मग मोजूच नये का? तसंही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. शिवाय आकडा नसेल, तर ‘छान सुधारणा आहे’ म्हणत मी वर्षानुवर्षं आईला झुलवत ठेवू शकते. न मोजणं हीसुद्धा फसवणूकच.

कॅनडात तयार झालेली एक पद्धत आधी विचारते: तुला काय करायचंय? मग ते किती जमतं आणि त्यावर किती समाधान आहे, याला १ ते १० गुण. मी फॉर्म मिटला आणि त्याला विचारलं.

“डेअरीत दूध घालायला जायचंय. एकट्यानं.”

आई म्हणाली, “आधी लिहायला शिकवा, मॅडम. आमच्यानंतर याचं कसं व्हायचं?”

दोघांचंही खरं होतं. मुलाला आज हवा होता, आईला उद्या. मी दुधाला पहिला नंबर दिला, लिहिण्याला दुसरा. किटली अर्धी भरून द्यायची, किती पावलांवर ती खाली ठेवावी लागते ते दर आठवड्याला मोजायचं.

हा क्रम चुकलाही असेल. पण आता मी जे मोजते, ते त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. तुम्हालाही कुणीतरी सतत मोजत असेलच. त्यांनी आधी तुम्हाला काही विचारलं होतं का?