एका घरात दोन बिऱ्हाडं

बँक खात्यासाठी एक क्लास लिहिला आहे असं समजा. त्यात दोनच गोष्टी साठवलेल्या आहेत, शिल्लक आणि पत्ता. मेथड चार: पैसे भरणारी, पैसे काढणारी, पत्ता बदलणारी, पत्ता छापणारी. पहिल्या दोघी फक्त शिल्लकेला हात लावतात, उरलेल्या दोघी फक्त पत्त्याला. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीनं चार वर्षं काम केलेला कुणीही हे पाहून म्हणेल की हा एक क्लास नव्हेच. एका घरात दोन बिऱ्हाडं राहताहेत. चूल वेगळी, मोरी वेगळी, दारावरची पाटी तेवढी एक.

हे डोळ्यांना दिसतं ते आकड्यात मांडायची एक रीत आहे. चार मेथडच्या सहा जोड्या होतात. त्यांपैकी दोन जोड्यांत काहीतरी सामायिक आहे, चार जोड्यांत काहीच नाही. चारातून दोन वजा केले की उरतात दोन. हा त्या क्लासचा विस्कळीतपणा. इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याला ‘एलकॉम’ म्हणतात. शून्य आलं तर क्लास एकसंध, आकडा चढत गेला तर घर फुटलेलं.

आता त्याच क्लासात पाचवी मेथड घालू : ‘सगळं पुसून टाक’. ती शिल्लक शून्य करते आणि पत्ताही कोरा करते. कुठल्याही शुद्धीवरच्या बँकेला असली मेथड नको असेल. पण हिशेब करून पाहा. जोड्या झाल्या दहा. नवी मेथड जुन्या चौघींशी काही ना काही वाटून घेते, म्हणून सामायिक जोड्या सहा झाल्या. ज्यांचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही अशा जोड्या पहिल्याइतक्याच, चार. चारातून सहा गेले तर उणे दोन, आणि नियम असा की उणं आलं तर शून्य धरायचं. क्लास एकसंध ठरला! दोन्ही बिऱ्हाडांच्या खोल्यांत वाटेल तेव्हा शिरून सामान फेकून देणारा घरमालक आणून बसवला, आणि कागदोपत्री एकत्र कुटुंब झालं.

हे मोजमाप सुचवणारी माणसं काही कच्ची नव्हती. श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर या एमआयटीतल्या दोघांनी 1991 मध्ये आणि मग 1994 च्या सविस्तर निबंधात ऑब्जेक्ट-ओरिएंटेड रचनेसाठी सहा मापं मांडली. क्लासात मेथडचा भार किती, वारशाची साखळी किती खोल, एका क्लासची थेट लेकरं किती, दुसऱ्या किती क्लासशी त्याची सोयरीक, एका निरोपाला उत्तर देताना किती मेथड जाग्या होऊ शकतात, आणि सहावा हा विस्कळीतपणा. त्याआधीची मापं बहुतेक ओळी मोजायची किंवा एका फंक्शनच्या पोटात शिरून चिन्हं आणि फाटे मोजायची. या दोघांनी नजर फंक्शनच्या आतून क्लासांमधल्या नात्यांकडे वळवली, ही त्यांची खरी कमाई. दोन कंपन्यांतला, एक सी प्लस प्लस आणि एक स्मॉलटॉक वापरणारी, खरा कोडही त्यांनी तपासला. त्यात एक मजेची गोष्ट निघाली. वारसा हे या पद्धतीचं मिरवायचं वैशिष्ट्य, पण बहुतेक क्लासना एकही वारस नव्हता.

मग 1996 मध्ये बसिली, ब्रियां आणि मेलो यांनी ही मापं कसाला लावली. मेरिलंड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या आठ गटांना एकच काम दिलं होतं : व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देणाऱ्या एका काल्पनिक दुकानासाठी प्रणाली लिहा. ज्या क्लासात चुका निघाल्या ते आणि ज्यात निघाल्या नाहीत ते, यांची मापं ताडून पाहिली तेव्हा बाकीच्या बहुतेक मापांनी थोडाफार अंदाज दिला. एलकॉमनं दिला नाही. कारण वर आलंच आहे : उण्याला शून्य म्हटल्यावर बरे, बरेच बरे आणि सोंग घेतलेले, सगळे एकाच शून्यात जाऊन बसतात.

पाच वर्षांनी, 2001 मध्ये, खालेद एल एमाम आणि सहकाऱ्यांनी आणखी अवघड प्रश्न काढला. सोयरिकी जास्त असलेल्या क्लासात चुका जास्त सापडतात हे खरं, पण असे क्लास आकारानंही मोठे असतात. मोठ्या गावात देवळं जास्त आणि चोऱ्याही जास्त, म्हणून देवळांमुळे चोऱ्या होतात असं कुणी म्हणत नाही. त्यांनी आकाराचा परिणाम बाजूला काढला तेव्हा त्यांनी तपासलेल्या मापांचा चुकांशी दिसणारा संबंध विरून गेला. इतका खटाटोप करून आपण शेवटी क्लास किती लांबलचक आहे एवढंच मोजत होतो की काय, अशी शंका घ्यायला जागा झाली. त्यावर पुढे वादही झडले. पण हा निबंध वाचल्यापासून कुणी मापांचा रंगीत तक्ता दाखवला की मी आधी विचारतो, यातून ओळींची संख्या वजा केलीत का?

एवढ्यावरून मापं मोडीत काढावीत असं मला म्हणायचं नाही. लाखो ओळींचा दुसऱ्याचा कोड गळ्यात पडलेल्या माणसाला पहिली कुठली फाइल उघडावी हे सांगणारा ढोबळ आकडासुद्धा उपयोगी पडतो. माझी तक्रार निराळी आहे. ही मापं कोड आज कसा दिसतो ते मोजतात, आणि रचनेची गुणवत्ता आज दिसत नाही.

शिवाय गुंतागुंत नाहीशी होत नाही, जागा बदलते. थॉमस मॅकेब यांनी 1976 मध्ये आलेखाचं गणित वापरून एका फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा मोजायची रीत दिली. साध्या कोडात ती फाट्यांची संख्या अधिक एक एवढी सोपी होते. दहाच्या वर गेलात तर फंक्शन फोडा, असं त्यांनी सुचवलं. तो दहाचा आकडा म्हणजे देवाज्ञा नव्हे हे त्यांना ठाऊक होतं. एकाच निवडीच्या खाली बरेच स्वतंत्र पर्याय असतील तर मर्यादा ओलांडू द्यावी, अशी सवलतही त्यांनी ठेवली होती. आता बचत खातं, चालू खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव यांचं व्याज काढणारी लांबलचक ‘जर-तर’ची माळ घ्या. ती मोडून चार क्लास केले, प्रत्येकात ‘व्याज’ नावाची छोटी मेथड ठेवली, की मॅकेबचं माप प्रत्येक ठिकाणी एकवर येतं. बहुतेक वेळा हे चांगलंच असतं. पण वाचणाऱ्यासमोर आता ‘खात्याला व्याज विचार’ एवढी एक ओळ उरते, आणि उत्तर नेमकं कोण देणार हे कळायला चार दारं ठोठावावी लागतात. फाटे मेथडच्या पोटातून निघून क्लासांच्या मधल्या गल्लीत आले. घरं मोजणाऱ्याला गल्ली दिसत नाही.

मी काम केलेल्या एका ठिकाणी ही दहाची मर्यादा यंत्रात बसवली होती. ओलांडली तर कोड पुढे सरकत नसे. महिन्याभरात ‘पडताळणी भाग एक’, ‘पडताळणी भाग दोन’, ‘पडताळणी भाग तीन’ अशा नावांच्या मेथड जागोजागी उगवल्या. भाग दोन कधीच एकटा चालत नसे, भाग एकनं काय करून ठेवलंय ते माहीत असल्याशिवाय तो कळतही नसे. तक्ता मात्र हिरवागार. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. जे मोजता येत नाही त्यावर ताबा ठेवता येत नाही, हे 1982 मध्ये ठासून सांगणाऱ्या टॉम डिमार्को यांनी 2009 मध्ये स्वतःच्याच त्या भूमिकेचा फेरविचार केला. ज्या कामांना कडक ताबा लागतो ती बहुधा फारशा मोलाची नसतात, असा त्यांचा नंतरचा रोख होता. तो लेख आमच्या तिथल्या व्यवस्थापकांच्या वाचनात आला नसावा.

मग गुणवत्ता कुठे दिसते? मला ती एकदा लख्ख दिसली, 2017 च्या जून महिन्यात.

1 जुलैपासून जीएसटी येणार होता. तोवर राज्यातल्या विक्रीवर व्हॅट, परराज्यातल्या विक्रीवर केंद्रीय विक्रीकर. आता राज्यातल्या विक्रीवर एकाच कराचे दोन तुकडे, केंद्राचा आणि राज्याचा, म्हणजे अठरा टक्क्यांचे नऊ आणि नऊ. माल परराज्यात गेला तर एकच सलग अठरा. कुठला लागू हे ठरणार माल कुठे पोचतो त्यावरून. दुकानांची बिलं करणाऱ्या प्रणालींत बिलाच्या ओळीवर ‘व्हॅट’ नावाचा एक रकाना असे. तोच रकाना छपाईच्या क्लासाला माहीत, महिन्याच्या अहवालाला माहीत, परत आलेल्या मालाच्या हिशेबाला माहीत. हे क्लास एकमेकांना हाक मारत नव्हते, त्यामुळे सोयरीक मोजणाऱ्या मापाला त्यांच्यात नातंच दिसत नव्हतं. पण कर म्हणजे एक आकडा, हे गृहीत सगळ्यांच्या पोटात होतं. एकाला बदलायचं म्हटलं की सगळ्यांना बदलणं भाग.

मेलिर पेज-जोन्स यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या नात्याला एक नाव दिलं होतं, ज्याचा लॅटिन अर्थ ‘बरोबर जन्मलेले’. आपण सहोदर म्हणू. एकाला धक्का लागला की दुसऱ्याला हलावंच लागतं असे कोडाचे दोन तुकडे म्हणजे सहोदर, मग ते एकमेकांना ओळखत असोत वा नसोत. हे नातं आजच्या कोडात मोजणं कठीण आहे, कारण ते अक्षरांत नसून अर्थात आहे. त्याची खूण इतिहासात मात्र सापडते. कोडाचे कुठले भाग नेहमी जोडीनं बदलले जातात हे जुन्या आवृत्त्यांच्या नोंदींवरून काढता येतं, आणि हाराल्ड गाल व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये ते करून दाखवलं. मला हे माप बाकीच्यांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं. पण तेही येऊन गेलेल्या पावसाचं माप आहे. जीएसटी त्याआधी कधी आलाच नव्हता, तर त्याची खूण इतिहासात कुठून असणार?

डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये, ऑब्जेक्ट हा शब्द घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी, एकच छोटा प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी तोडून दाखवला होता. एक तऱ्हा काम ज्या क्रमानं होतं त्या क्रमानं. दुसऱ्या तऱ्हेत बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका कप्प्यात लपवलेला. मग उद्या अमुक बदललं तर किती कप्पे उघडावे लागतील, हे त्यांनी दोन्हींत तपासलं. आजवरचं मला पटलेलं हे एकमेव माप, आणि यात मोजायचा आकडा यंत्राला काढता येत नाही. ‘उद्या अमुक बदललं तर’ हे वाक्य कुणीतरी माणसानं पुरं करावं लागतं. करांच्या बाबतीत तो माणूस प्रोग्रॅमर नसतोच. तो असतो दुकानाचे हिशेब ठेवणारा सीए.

आमच्यातल्या एका सहकाऱ्यानं 2017 च्या त्या धांदलीत सीएसोबत दोन संध्याकाळी घालवल्या आणि कर हा वेगळा क्लास केला. तो बिल घेई आणि करांची यादी परत देई, मग त्या यादीत एक ओळ असो वा तीन. दर कोडात नव्हते, तक्त्यात होते, आणि प्रत्येक दराला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ अशा दोन तारखा होत्या. रिव्ह्यूमध्ये त्याच्यावर शेरा पडला : क्लास वाढले, सोयरिकी वाढल्या, दर एकदा ठरल्यावर तारखांचं हे लोढणं कशाला? आकड्यांच्या भाषेत शेरा बरोबर होता. शेरा माझा होता.

22 सप्टेंबर 2025 ला बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे जवळजवळ मोडीत निघाले, बरीचशी बारावाली मंडळी पाचात गेली आणि अठ्ठावीसवाली अठरात. तक्त्यात नव्या ओळी भरल्या गेल्या, त्याही प्रोग्रॅमरनं नव्हे. पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं ऑगस्टमध्ये घेतलेला माल परत आणला. त्याची क्रेडिट नोट जुन्या दरानं निघायला हवी होती. ती जुन्याच दरानं निघाली.