आधी कुरण, मग पूजा

वसुबारसेला मी गाय-वासराला ओवाळते, पण गाईची खरी पूजा मला आमच्या मालवणच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर दिसते. पावसात कातळावर उगवलेलं, माणसाला न पचणारं गवत कोकण कपिला जातीची गाय रवंथ करून दुधात उतरवते. हिरव्या चाऱ्यावरच्या दुधात बीटा-कॅरोटीन आणि ओमेगा-३ जास्त असतं. शेण भाताच्या मळ्यात जातं. चरलेल्या सड्यावर वणव्याला जळण कमी उरतं. चारा पचताना हवामान तापवणारा मिथेन वायू सुटतो, हेही खरं. म्हणून सड्याला झेपतील तेवढीच गुरं पाळावीत. जन्मभर दाव्याला बांधलेल्या गाईला हळदकुंकू लावणं ही अर्धीच भक्ती. गाईला देव मानत असाल, तर तिची चरायची जागा राखा. सड्यावर जांभ्या दगडाची चिरेखाण येण्याआधी ग्रामसभेत उभे राहून बोला.