वाट्याचं अर्धं मिनिट

मागच्या उन्हाळ्यात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मी आठवडाभर मॅन्डोलिनच्या शिबिराला गेलो. उत्तर कॅलिफोर्नियात, रेडवूडच्या झाडीत. सकाळी वर्ग, दुपारी सराव आणि रात्री जेवणं आटोपली की खुर्च्या गोलाकार मांडून जॅम.

जॅमची रीत सोपी आहे. 'ओल्ड जो क्लार्क'सारखी सगळ्यांना ठाऊक असलेली धून सुरू होते आणि एकेकाकडे फिरते. ज्याच्याकडे येईल त्याने अर्धं-पाऊण मिनिट एकट्याने वाजवायचं, बाकीच्यांनी साथ करायची. नको असेल तर मान हलवायची, धून पुढच्याकडे जाते. कुणी कारण विचारत नाही.

पहिल्या रात्री मी मान हलवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीही.

मला तो नम्रपणा वाटत होता. माणसं इतकं सुंदर वाजवत असताना आपण मध्येच खडखडाट कशाला करायचा? हा संस्कार घरचा. अण्णा तरुणपणी गिरगावात गणपतीच्या दिवसांत मॅन्डोलिन वाजवायचे. मग एकदा त्यांनी सज्जाद हुसेन यांना ऐकलं. पडद्यांच्या, टणत्कारी वाद्यातून मींड काढणारा तो माणूस ऐकला आणि आपलं मॅन्डोलिन पेटीत घालून कपाटावर ठेवलं. "येत नसेल तर हात लावू नये," असं ते म्हणत, आणि कडवटपणे नव्हे, तर आदराने. तानसेन होता येत नसेल तर निदान कानसेन तरी व्हावं. त्या घरात आम्ही तीन भावंडं वाढलो. एकालाही वाद्य येत नाही. ऐकता मात्र तिघांनाही उत्तम येतं.

अण्णांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. सुमार वाजवण्याची किंमत खरोखर इतरांना मोजावी लागते. ब्लूग्रासच्या पारंपरिक ताफ्यात ड्रम नसतो, ते काम मॅन्डोलिन करतं. चार बोटांनी कॉर्ड दाबायचा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर फटका मारायचा आणि लगेच बोटं सैल सोडायची. सूर तिथेच विझतो, उरतो नुसता 'चक्' असा ठोका. याला चॉप म्हणतात. तो घसरला की गाणाराही घसरतो. आमच्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की सूर चुकला तर तो तुमचा, पण लय चुकली तर ती सगळ्यांची.

गंमत अशी की ज्यात चुकलो तर सगळ्यांचं नुकसान, तो चॉप मी बिनदिक्कत वाजवत होतो. नाकारत होतो ते फक्त अर्धं मिनिट, जिथे फजिती झाली असती तर माझ्या एकट्याची. म्हणजे मी जपत होतो ते संगीत नव्हतंच.

हे मला आपणहून कळलं नाही. माझ्या डाव्या हाताला एक निवृत्त नर्स बसायच्या. वाद्य हाती घेऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. माझ्यानंतर धून त्यांच्याकडे जायची आणि त्याही मान हलवायच्या. गुरुवारी जेवणाच्या रांगेत मी सहज म्हटलं, "तुम्ही एकदा तरी वाजवा ना." त्या म्हणाल्या, "तुमचा हात माझ्यापेक्षा कितीतरी बरा आहे. तुम्हीच नाही म्हणता, मग मी कोण?"

मी ताट घेऊन तसाच उभा राहिलो. माझा नकार माझ्यापाशी थांबत नव्हता. मी न बोलता एक पट्टी ठरवून दिली होती आणि शेजारचं माणूस तीन रात्री तिच्याखाली बसलं होतं.

ब्लूग्रास घडवणारे बिल मन्रो हे आठ भावंडांत धाकटे. फिडल आणि गिटार थोरल्यांनी आधीच घेतलेली, म्हणून त्यांच्या वाट्याला मॅन्डोलिन आलं. तेही आठांपैकी चारच तारा लावून, फार आवाज होऊ नये म्हणून, अशी हकीकत सांगतात. तिथे तारा थोरल्यांनी काढल्या होत्या. आमच्या घरी कुणी काही काढून घेतलं नाही. आम्हीच पेटी उघडली नाही.

शुक्रवारी, शेवटच्या रात्री, धून आली तेव्हा मी वाजवलं. वाईट वाजवलं. दुसऱ्या भागात वाट चुकलो, दोन ओळी नुसताच एका सुरावर थांबलो. भोवतालचा चॉप मात्र चालू राहिला, त्याच्या आधाराने मी कसाबसा धुनेत परतलो. मग बाईंकडे पाहिलं. त्यांनी सगळी धून नाही, फक्त पहिला भाग वाजवला आणि पुढच्याकडे दिली.

उत्तमाचा आदर करावा, यात मला आजही शंका नाही. अण्णांनी कान दिला नसता तर आपण वाईट वाजवलं हेही मला कळलं नसतं. पण त्या आदरापोटी आपण गप्प बसतो, तेव्हा आणखी कुणाला गप्प बसवतो, हे एकदा तपासून पाहायला हवं. अण्णांना हे विचारायचं राहून गेलं. भावाला फोन करून सांगितलंय, कपाटावरची पेटी खाली काढ. तारा गंजल्या असतील, त्या बदलून घे. आणि मुलांच्या हाताला येईल अशा जागी ठेव.